गुलाबी बंब

आमच्या घरमालकांचा कोणाशी ना कोणाशी अबोला असायचाच. इतर लोक अबोला धरतात आणि झाकून ठेवतात. काकाजी मात्र जाहीर करायचे. सकाळी छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, गादीवर येऊन बसले की पहिल्या भेटणाऱ्याला सांगत, "सध्या माहा पोस्टमनसंगं अबोला हाय. त्याले सांगजा, चिठ्ठी काकूजवळ दे म्हनावं." पोस्टमन समोरच सायकल टेकवून उभा असे. तो निमूटपणे काकूंच्या हातात चिठ्ठी देई आणि जाता जाता म्हणे, "काकू, काकाजीले रामराम सांगजा." काकू सांगत. काकाजी मान हलवून तो रामराम घेत, पण थेट घेत नसत. अबोला सुटला की तेही असंच चारचौघांत. त्या माणसाला हाक मारून छपरीत बसवायचं, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि काहीच घडलं नाही अशा थाटात धानाच्या भावाची चौकशी करायची.

पवनीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या, ऐंशी सालच्या आगेमागे. आम्ही म्हणजे खरं तर मी एकटीच. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत, तिथं क्वार्टरचा नंबर लागत नव्हता, म्हणून ते फॅक्टरीतल्या सोबत्यांबरोबर राहत आणि शनिवारी येत. तेव्हा रोजच्या जेवणाखाण्याला, भांडायला आणि आधाराला मला हे दोन म्हातारे होते. काकू मऊ स्वभावाच्या, हात सदा कापायचे. काकाजी उंच, काटक, पांढरंधोप धोतर, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसालाही आपल्याशीच बोलतात असं वाटावं.

त्यांचा धंदा लुगड्यांचा. चार माग दुसऱ्यांच्या घरी चालायचे, माल यांच्या छपरीत विकला जायचा. विकला जायचा म्हणजे, त्यांच्या मनात असलं तर. गिऱ्हाइकाला ते आधी विचारत, "कोनासाठी पायजे?" आणि उत्तर पटलं नाही तर घडी परत कपाटात. एकदा एक गृहस्थ सुनेसाठी साधं आणि बायकोसाठी रेशमी काठाचं लुगडं निवडून बसले. काकाजींनी दोन्ही घड्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, "दोघी एकाच घरात राहतेत ना जी? मंग दोघीले एकसारखं घ्या, नाही त उठा." गृहस्थ उठले. काकू आतून कपाळाला हात लावून बघत होत्या. संध्याकाळी तेच गृहस्थ परत आले आणि दोन रेशमी काठाची लुगडी घेऊन गेले, पण म्हणून काकाजी शहाणे ठरले असं गल्ली मानत नव्हती. गल्लीच्या लेखी ते येडे होते. प्रेमाने म्हणत, पण येडेच म्हणत.

दुसरी त्यांची ख्याती म्हणजे त्यांची चूक कधी होत नसे. जगाची होत असे. सोमवारच्या पहाटेची भंडाऱ्याची एसटी वेशीपाशी थांबते असं त्यांनी यजमानांना छातीठोकपणे सांगितलं. यजमान वेशीपाशी थंडीत उभे राहिले आणि एसटी दुसऱ्या रस्त्याने निघून गेली. ड्यूटी बुडाली. यजमान घरी येऊन नुसतं त्यांच्याकडे बघत राहिले तर काकाजी म्हणाले, "पाहा, गाडी कशी चुकली ते. डायवर नवा असन." यजमान हसत सुटले आणि दुसऱ्या गाडीने गेले.

आमची मुलगी झाली ती पावसाळ्याच्या तोंडाशी. बाळंतपण नीट झालं, पण महिनाभरातच मला मियादी ताप आला आणि त्यात दूध आटलं ते आटलंच. डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं. ताप उतरला, रजा संपली, शाळेत रुजू झाले, आणि गल्लीतल्या बायांनी या दोन गोष्टी आपल्या सोयीने जोडून घेतल्या. "मास्तरीनबाईनं नोकरीपायी पोट्टीले बाटलीवर टाकलं," असं विहिरीवर बोललं जाई. तापाचं कोणी बोलत नसे. माझ्या सासूबाई नाकाडोंगरीकडे शेतावर असत. त्यांच्या कानावरही ते गेलं आणि त्या आल्या की एकच वाक्य बोलत, "नोकरी सोड, लेकराकडं पाहा." मी सकाळी साडी नेसताना रोज थोडीशी गुन्हेगार असल्यासारखी नेसत असे. नोकरी मला हवी होती. घराला लागत होती म्हणून तर हवी होतीच, पण मला शिकवायला आवडायचं म्हणूनही हवी होती, आणि हे दुसरं कारण त्या दिवसांत बाईने मोठ्याने बोलायचं नसे.

अशात मुंबईच्या दिरांनी एक वस्तू पाठवली. फिकट गुलाबी प्लास्टिकचा, मोठ्या पेल्याएवढा डबा, त्याला वायर. त्यात थोडं पाणी घालायचं, दुधाची बाटली उभी करायची, बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि दूध गरम व्हायचं. तशी वस्तू पवनीत कोणी पाहिली नव्हती. काकाजींनी ती दोन्ही हातांनी फिरवून पाहिली आणि नाव ठेवलं, "छोटा बंब." ते स्वतः विजेच्या विरुद्ध होते. त्यांच्या भागात कंदील होता. वीज फक्त आमच्या खोल्यांत, तीही भाडेकरू मिळेनात म्हणून घेतलेली. "इजेचा काय भरोसा? दिवसा झोपते, रातच्याले पळते," हे त्यांचं म्हणणं.

आता गंमत अशी की ते म्हणणं अगदी खरं होतं. आमच्या मागच्या बाजूला धानाची गिरणी होती. ती चालू असली की वीज मरतुकडी यायची, बल्ब नुसता लालसर दिसायचा. ती बंद झाली की एकदम जोर. बंबाला गरम करणं ठाऊक होतं, थांबणं ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गिरणी बंद झाली तेव्हा मी अंगणात कपडे काढत होते, आणि इकडे दूध खदखदून बाटलीतून वर आलं. काकाजी तिथेच होते. त्यांनी छपरीत जाऊन जाहीर केलं, "आजपासून त्या बंबासंगं माहा अबोला."

आणि खरोखरच त्यांनी तो पाळला. मी शाळेत असताना मुलगी काकूंजवळ असे. काकूंच्या कापऱ्या हातांत उकळत्या पाण्याचं भांडं देणं धोक्याचं, म्हणून तर बंब सोयीचा होता. नुसतं बटण दाबायचं. काकाजी बंबाच्या समोर बसून काकूंना सांगत, "त्याले म्हना, पुरे आता." काकू बटण बंद करत. मग दूध कितपत गरम आहे ते पाहायचं काम मात्र काकाजींचं. मनगटावर थेंब पाडायचा, हे मी त्यांना शिकवलं होतं. पण एका मनगटावर त्यांचा विश्वास नव्हता. आधी स्वतःचं, मग काकूंचं, मग छपरीत जो कोणी असेल त्याचं. लुगडं घ्यायला आलेली बाई हात पुढे करायची, तिच्या मनगटावर दुधाचा थेंब. एकदा पोस्टमनशी अबोला चालू असताना त्यांनी त्याचा हात मुकाट्याने ओढला, थेंब पाडला आणि भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. पोस्टमन काकूंना म्हणाला, "काकू, काकाजीले सांगजा, बराबर हाय."

मुलगी थंड दूध तोंडात धरत नसे. ओठ मिटून घेई आणि मान फिरवी. कोमट दूध मिळालं की दोन्ही मुठी उघडायच्या आणि डोळे मिटून प्यायची. त्या उघडणाऱ्या मुठींनी म्हाताऱ्याला जिंकलं. एके दिवशी मी शाळेतून आले तर बंबाच्या झाकणावर गुळाचा खडा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. अबोला सुटला होता. त्या दिवसापासून बंब काकाजींचा झाला आणि मुलगी त्यांची "मालकीनबाई" झाली. आलेल्या गिऱ्हाइकाला ते खुशाल थांबवून ठेवत. "बसा जी. मालकीनबाई पिऊन राहिल्या."

दिवाळी झाली, थंडी पडली आणि धान निघाल्यामुळे गिरणी सकाळपासून दिवसभर चालू लागली. मी शाळेत गेल्यावर बंब लावावा तर वीज इतकी दुबळी की दूध तापेचना. मग आम्हाला एक युक्ती सापडली. ती पहिल्यांदा कोणाला सुचली ते आज सांगता येणार नाही, तिघांनीही उचलून धरली एवढं खरं. गिरणी सुरू व्हायच्या आत मी सकाळीच दूध तयार करायचं, बाटली बंबात गरम करायची आणि बटण तसंच चालू ठेवायचं. एकदा गिरणी सुरू झाली की त्या दुबळ्या विजेवर दूध उकळतही नसे आणि निवतही नसे. दुपारपर्यंत जसंच्या तसं कोमट. मालकीनबाईंनी तोंड उघडायचा अवकाश, बाटली तयार. आम्हाला कोण आनंद झाला. काकाजींनी तर छपरीत सांगून टाकलं की गिरणी आणि बंब या दोघांना त्यांनी एका जुवाला जुंपलं आहे.

थंडीचे दिवस. दूध नासण्याची शंकासुद्धा कोणाच्या मनात येण्यासारखी नव्हती.

मुलीला जुलाब सुरू झाले ते पौषात. आधी वाटलं दात येत असतील. मग उलट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं नाही, आणि टाळू खोल गेलेली दिसली. मी तिला पदरात गुंडाळून दवाखान्यात पळाले. काकाजी माझ्या पुढे चालत होते, समोरच्या सायकली आणि बैलगाड्या हाताने बाजूला करत.

डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. त्यांनी विचारलं, "दूध कसं देता? किती वेळ ठेवता?"

मी बोलायच्या आत काकाजी म्हणाले, "सकाळपासून ठेवतो जी. निवू देत नाही. आमच्याकडं बंब हाय." त्या क्षणीही आवाजात अभिमान होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काकाजी, घरी दही कसं लावता?"

"कोमट दूध अन्..." बाकीचं डॉक्टरांनी सांगितलं. कोमट दूध तासन् तास ठेवलं की त्यात जंतू वाढतात, दुधाला वास येत नाही, चव बदलत नाही, पण लेकराच्या पोटात विष जातं. दूध दर वेळी ताजं करा, गरम करा, पाजा आणि उरलेलं फेकून द्या. आत्ता मात्र साखर-मिठाचं पाणी, चमच्याने, थांबून थांबून, उलटी झाली तरी पुन्हा. लघवी झाली की समजा वाचली. आज संध्याकाळपर्यंत वाट पाहू, नाही तर भंडाऱ्याला न्यावं लागेल.

मी चमचा तिच्या ओठांशी नेला की अर्धं पाणी गळ्यावर. मागून आलेल्या काकूंचे हात तर मुळातच कापरे. काकाजी खाटेवर मांडी घालून बसले, मुलीला धोतराच्या ओच्यात घेतलं आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मग ती सगळी दुपार त्यांनी एक एक चमचा पाणी पाजलं. मध्ये उलटी झाली, पुसली, पुन्हा चमचा. तिला झोप लागू नये म्हणून तिच्याशी बोलत होते, आणि बोलायला त्यांच्याजवळ विषय एकच. गल्लीतल्या कोणाशी त्यांचा अबोला कधी पडला, कशावरून पडला, कधी सुटला, सगळं तिला पहिल्यापासून सांगितलं. "पोस्टमनचं त काहीच चुकलं नव्हतं, मालकीनबाई. पन त्याले सांगू नका." मी भिंतीला टेकून ऐकत होते. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचत नव्हतं; मी त्यांचा आवाज धरून बसले होते.

ऊन कलायच्या सुमारास ते बोलता बोलता थांबले. मी भिंतीपासून उठले. त्यांनी मुलीला हळूच उचलून माझ्याकडे दिलं आणि आपल्या धोतराकडे पाहिलं. मांडीवर मोठा ओला डाग होता. जो माणूस चिखलाचा थेंब उडाला तरी धोतर बदलत असे, तो ते ओलं धोतर दोन्ही हातांनी पसरून धरून दवाखानाभर हिंडला. डॉक्टरांना दाखवलं, नर्सबाईंना दाखवलं, शेजारच्या खाटेवरच्या पाय मोडलेल्या माणसालाही दाखवलं. "पाहा जी," एवढंच म्हणत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी यजमान आणि त्यांच्यामागून सासूबाई येऊन पोचल्या. आम्ही घरी आलो होतो. सासूबाईंनी नातीला उचललं, तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. "तुले मी काय सांगतलं होतं? झालं समाधान? आता नोकरी सोड, नाही त लेकरू मले दे. मी घेऊन जाईन नाकाडोंगरीले." यजमान खाली मान घालून उभे होते. दूध सकाळी मीच तर करून ठेवत होते.

तेवढ्यात काकाजी आमच्या खोलीच्या दारात आले. एरवी यजमान घरी असले की ते आमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नसत. आत आले आणि सासूबाईंसमोर खाली बसले.

"माय," ते म्हणाले, "सुनेले बोलू नका. चूक माही हाय. बाई शाळेत जाये, दूध मी गरम ठेवलं. माह्याच डोक्यातलं खूळ होय ते. कोनाले इचारलं नाही."

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला. सासूबाईंनी मग त्यांना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. बुढ्याची अक्कल, त्याची छपरी, त्याचा बंब, काही सोडलं नाही. ज्यांची उभ्या आयुष्यात चूक झाली नव्हती ते काकाजी मान खाली घालून "होव माय, होव माय" म्हणत राहिले. शेवटी सासूबाईच दमल्या. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता पोट्टीले दूध देसान त ताजं देजा." म्हणजे नात इथंच राहणार होती. मीही.

तेवढ्यावर हे संपायला हवं होतं, पण काकाजींनी संपवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून छपरीत त्यांचं नवं सुरू झालं. ज्या बाईच्या कडेवर लेकरू असेल तिला आधी हे ऐकावं लागे, मग लुगडं. "बाटलीचं दूध देते काय व माय? बंब असो का चूल असो, गरम करून ठेवू नको. मी ठेवलं होतं. माह्या हातून पोट्टी जात होती." डब्याचं दूध तेव्हा गावात नुकतं येऊ लागलं होतं. काकाजींच्या सांगण्यामुळे किती लेकरं वाचली ते देव जाणे, पण माणसं हसायची. "बंबानं बुढ्याले पुरता येडा केला," म्हणायची. आणि विहिरीवर आता माझ्याबद्दल वाकडं बोलणं होत नव्हतं. "बिचारी शाळेत गेली होती, मागं बुढ्यानं घोळ केला," असं बायका म्हणत. सासूबाईही नाकाडोंगरीत हेच सांगत.

मला ते सहन होईना. गुलाबी बंब आम्ही टाकला नव्हता; आता काकाजी गिरणीच्या आधी गरम करून लगेच पाजत आणि पुढच्या वेळेला स्वतः शेगडी पेटवून पाणी तापवत, जन्मात चुलीजवळ न गेलेला माणूस. एका सकाळी मी साडी नेसून, पिशवी घेऊन छपरीत आले. ते मुलीला मांडीवर घेऊन मनगटावर थेंब पाहत होते. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही काहून असं सांगत फिरता? दूध मी करत होते. ते ठेवायचं आपलं तिघांचं ठरलं होतं. सगळं गाव तुम्हाला हसून राहिलं."

त्यांनी बाटली मुलीच्या तोंडाला लावली. तिच्या मुठी उघडल्या.

"बाई," मग म्हणाले, "तुमचं नाव आलं त लोक म्हनतीन, मायनं नोकरीपायी लेकराचा जीव घेतला असता. हे नाव बाईले एकदा लागलं का मंग जनमभर निंगत नाही. तिची नोकरी सोडवूनच राहते. माहं नाव आलं त म्हनतेत, बुढा येडा हाय. ते त मी पयलेपासूनच हावो. माहं काय जाते?"

मी तिथंच उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा आता. घंटा होऊन राहिली."

मी शाळेत गेले, आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले.